खंडेनवमीला उतरवलेला डबा

मी भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझ्या दारात कुणी अंगात आलेली बाई घुमत आली, तर मी तिला आधी पाणी देते आणि मग शेण काढायला लावते. घुमणं थांबतं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे सजवून लिहिता येत नाही. या सदरात लोक काय काय लिहितात ते मी वाचते आणि निम्म्यावर हसते. आता तुम्हाला माझ्यावर हसायचं असेल तर हसा.

आमची वस्ती म्हसवडच्या पुढे, साताऱ्याची हद्द संपून सांगलीची लागते त्या माळावर. चार-पाच घरं, मेंढरांचे वाडे, बाभळी. मागे टेकडी आडवी असल्यामुळे मोबाईलला रेंज नाही. रेंज पाहिजे तर डांबरी रस्त्यापर्यंत चालायचं... आणि माझे गुडघे कधीच गेलेत.

मला एकच लेक, मंगल. तिच्या नवऱ्याचा गलाईचा धंदा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा. त्या धंद्यापायी आमच्या भागातली किती तरी पोरं देशभर पांगली आहेत. हे दोघं कोइमतूरला असतात. गेल्या पावसाळ्यात तिथं मंगलच्या छातीतली गाठ काढली. पुढे औषधं, केस गेले, परत परत तपासण्या. जावई फोनवर एकच सांगायचे, "बरी हाय." सगळेच पुरुष तसं सांगतात. मला तिचं तोंड बघितल्याशिवाय खरं कळत नाही.

आणि तिचं तोंड मला दिसायचं ते माझ्या छपरावरच्या डब्यामुळे.

हा डबा वायफायचा. दोन-तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने बसवला. पांढरा, जेवणाच्या डब्याएवढा, खांबावर, शेजारी सोलरची प्लेट. आमचं घर उंचावर म्हणून जागा माझी निवडली. टोपी घातलेला एक साहेब आला होता. म्हणाला, "आजी, आम्ही कायम तुमच्यासोबत आहोत." मी त्याला ताक पाजलं. पुढच्या वर्षी कंपनी बंद. कागद नाही, निरोप नाही. नंबर लावला तर तो अस्तित्वातच नाही म्हणे. नवा फोन जोडायचा तर कंपनीच्या पानावर जावं लागायचं, आणि ते पानच उघडेना. वस्तीतल्या पोरांनी फोन बदलले आणि ती सगळी तुटली. माझा जुना फोन आधीच जोडलेला, तो तेवढा राहिला.

डबे चालू ठेवले ते माझ्या भाच्याने. संभा, माझ्या भावाचा मुलगा. तो त्याच कंपनीत काम शिकला होता. कंपनी गेल्यावर हा छपराछपरावर चढून एका मेलेल्या डब्यातलं काढून दुसऱ्यात घालायचा. माझ्या डब्याची तो फार काळजी घ्यायचा. "आत्ती, तुझा डबा म्या मरू देत न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. खुरपं, कुऱ्हाड, लोकर कातरायच्या कातरी, सगळं घासूनपुसून देवासमोर मांडायचं आणि त्या दिवशी त्यांना काम लावायचं नाही. मी संभाला म्हटलं, "माझं हत्यार आता त्यो डबा. उतरीव त्याला."

माझी जाऊ शालन हसली. "आवं आक्का, उद्या मिक्सरला बी नवस बोला."

"तुझ्या तोंडाला बोलंन. बंद पडावं म्हणून."

संभाने डबा उतरवला, उघडून आतली धूळ झाडली. मी हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. दिवसभर डबा देवापाशी होता. संध्याकाळी संभा तो परत चढवायला घेऊन गेला. खाली उतरून माझ्या पाया पडला. एरवी हा पाया पडणारा नव्हे. तेव्हा मला वाटलं, आजारी बहिणीसाठी पोराचं मन हललं असेल.

त्या दिवशी दिवेलागणीला मंगलचा फोन आला. रोजच्यासारखाच. चित्र स्वच्छ... उलट आधीपेक्षा बरं.

पुढे रोज असंच. दिवाळीत संभा फराळ घेऊन आला तेव्हा मी अंगणात बसून मंगलशी बोलत होते. मी फोन त्याच्याकडे वळवला, "ये की, बोल बहिणीसंगं." तो दारातच थबकला. फोनकडे बघितलं, छपराकडे बघितलं. वर डब्याचा हिरवा दिवा लागलेला होता, मला खालून दिसत होता.

"ह्यो... चालतोय?" तो म्हणाला.

"तूच चालवतोस की रं."

त्याने पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि चहा न घेता गाडीला किक मारली. त्यानंतर माझ्या दारात पाऊल नाही. निरोप धाडला की म्हणायचा, कामं हायत.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. मंगलच्या डोक्यावर बारीक केस उगवायला लागले. ती टॉवेल काढून मला दाखवायची. म्हणायची, "आई, जरा तरी रड की गं. काळीज हाय का दगूड?" मी म्हणायची, रडून केस लांब व्हत्यात व्हय? मी रडत नाही. नवरा गेला तेव्हाही रडले नाही, कारण त्याच दिवशी मेंढी व्यायला झाली होती आणि बघायला दुसरं कोणी नव्हतं.

मग तो दिवस आला. मोठ्या तपासणीचा निकाल लागणार होता. त्यावर ठरणार होतं, गाठ गेली की परत आली. मंगलने दुपारीच फोन लावला. मी ओसरीवर, शालन माझ्याशेजारी लसूण सोलत. मंगलचं तोंड पांढरं पडलेलं. ती म्हणाली, "आई, डॉक्टरनी सांगितलं—"

तेवढ्यात वळवाचं वारं सुटलं. एकदम. पत्रे वाजले, खांब वाकला आणि डबा तुटून अंगणात पडला. पण मंगल फोनवर होतीच. मला दिसत होती, बोलायला तोंड उघडत होती. मी शालनला ओरडले, "डबा उचल, डबा भिजंल!"

शालनने डबा उचलला. पडून त्याचं झाकण अर्धं निघालं होतं. तिने ते नीट बसवायला म्हणून हाताने ओढलं, आणि तिथंच उभी राहिली.

"आक्का... हे तर रिकामं हाय."

त्याच क्षणी मंगल गेली. फोनवर नुसतं काळं.

मी उठून स्वतः बघितलं. डब्यात यंत्र नव्हतं. पट्टी नाही, वायर नाही, दिवा नाही. जिथं यंत्र असायचं तिथं कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. चांगलं मोठं, वाळून दगड झालेलं. मी खुरप्याच्या टोकाने ते उकरलं. मातीखाली झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती. वाळलेली, पण झेंडूचीच. कुंभारमाशीने घर केलं ते पाकळीच्या वर. आणि तो डबा खंडेनवमीनंतर कुणी उतरवला नव्हता.

म्हणजे त्याच दिवशी रिकामा झाला होता. माझ्या देवासमोरून.

मी शालनला मोटारसायकलवाला बघायला धाडलं, त्याच्यामागे बसले आणि आधी संभाचं घर गाठलं. डबा त्याच्यापुढे ठेवला. तो बसल्या जागी मुतायचा बाकी राहिला.

"आत्ती, म्हाबळेश्वरला एक बडं गिऱ्हाईक हाय. तिथल्या पावसात त्येंच्या डब्यातली कार्डं, म्हंजी आतली यंत्रं, गंजली. नवं कार्ड कुठं मिळंना. तुजं आपल्या कोरड्या मुलखातलं, एकदम ताजं..."

"म्हणून माझं काढलंस."

"मला वाटलं, बंद पडलं की सांगू, कंपनीबरूबर डबा बी गेला. पर त्यो बंदच पडंना! दिवाळीला मंगलाक्का दिसली तवापास्नं मला झोप न्हाई, आत्ती. त्यात काय बी न्हवतं. माझ्या हातानं काढलं म्या!"

"तुझ्या बहिणीचं तोंड बघायची तेवढी एक खिडकी होती मला. टोपीवाला परका होता. तू माझ्या भावाचा."

तो काहीतरी बोलत राहिला. नवा डबा आणतो म्हणाला. मी म्हटलं, माझ्या छपरावर चढलास तर शिडी काढून घेईन. अजून चढलेला नाही.

त्याच्या दारात रेंज होती. तिथूनच मंगलला फोन लावला. नुसता आवाज. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

ती हसली. "आई, आत्ताच तर सांगितलं की सगळं! गाठ न्हाई. काय बी न्हाई आता."

मी म्हटलं, कधी सांगितलंस? तू म्हणालीस 'डॉक्टरनी सांगितलं' आणि फोन तुटला.

"तुटला कुठं? मी किती वेळ बोलत हुते. तू समोर हुतीस. मान हलवत हुतीस." मग तिचा आवाज बारीक झाला. "पदरानं डोळं पुसलंस, आई. जल्मात पयल्यांदा तुला रडताना बघितलं. म्हणून तर मी बी रडले."

शालनला विचारा. त्या वेळी मी अंगणात होते, हातात खुरपं होतं, आणि माझे डोळे कोरडे होते.

आता लोक मला सांगतात, पोरगी बरी झाली ना, मग सोडून दे. संभाला माफ कर, डब्याला नारळ फोड. मी नारळ फोडणार नाही. कंपनीने फसवलं ते कळतं. संभाने फसवलं तेही कळतं, त्याला हाव सुटली होती. पण माझं तोंड लावून माझ्या लेकीपुढे कोण बसलं होतं? सगळा हिवाळा मी घाबरून काढला तो एका बातमीसाठी, आणि ती बातमी माझ्या आधी दुसऱ्याच कुणीतरी ऐकली. माझ्या वाटचं रडूनही घेतलं.

मंगल अजून कौतुकाने तेच सांगते, आई त्या दिवशी रडली. मी तिला खरं सांगितलेलं नाही. काय सांगू? मलाच कळलेलं नाही.