मी काढलेल्या चोची

बायकोच्या चित्रावर मी तिला न विचारता शाई चालवली. आपण तिला मदतच करतोय असं मला तेव्हा वाटत होतं, हे सांगायला आजही जड जातं.

चंदिगडमध्ये मी एका सरकारी प्रयोगशाळेत उपकरणांची ड्रॉइंग तपासायचो. एक जरी माप राहिलं असेल तरी कागद वर्कशॉपला जाऊ द्यायचा नाही, ही सवय माझ्यामागून घरातही आली. बायको रविवारी सुखना तलावावर बसून पक्षी रंगवायची. मी शेजारी दुर्बीण घेऊन. "खंड्याची चोच अजून लांब हवी." "बगळ्याचं मागचं बोट कुठंय?" ती हसायची आणि बोट काढायची. ती चित्रं इतकी हुबेहूब असायची, की मी ती ऑफिसात नेऊन मिरवायचो.

मग पंजाबातलं वातावरण बिघडत गेलं. नाकाबंदी, मधूनच कर्फ्यू. तलाव बंद झाला. ती संध्याकाळी गच्चीवर उभी राहायची. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली जंगली बदकं डोक्यावरून जायची, तेवढीच तिच्या वाट्याला. त्यांचं तिनं चित्र काढलं : ओल्या कागदावर पसरलेला करडा रंग आणि त्यात तिरक्या, पुसट रेघा. खाली डोंगर आहेत की ढग, कळत नव्हतं.

खालच्या मजल्यावरचे सरदारजी ते बघून म्हणाले, "भाभीजी, ये परिंदे हैं या मेरी पगड़ी सूख रही है?" ती खळखळून हसली. जाताना मात्र तेच म्हणाले, "ये मुझे दे दो जी. बैठक में लगाऊंगा."

मला चित्र अर्धवट वाटत होतं. असं लोकांना भिंतीवर लावायला कसं द्यायचं? कर्फ्यू सैल झाला, ती दुधाभाजीच्या रांगेला गेली आणि मी ड्रॉइंगचं पेन घेऊन बसलो. पक्ष्यांच्या पुस्तकात बघून प्रत्येक रेघेला चोच दिली, डोळा दिला, शेपटीखाली ताणलेले पाय दिले. डोंगरांना कड काढली.

ती आली. पिशवी खाली ठेवली आणि चित्राकडे बघत राहिली. आमच्या मुलीला मराठी समजायचं, पण ती बोलायची हिंदीतच. ती म्हणाली, "मम्मी, ये आपने नहीं बनाया ना?"

"मी फक्त पूर्ण केलं," मी म्हणालो.

"तुम्हाला गच्चीवरून चोची दिसल्या होत्या? मला नव्हत्या दिसल्या."

सरदारजींनी चित्र नेलं, आभार मानले, पण दारात थबकून म्हणाले, "साहब, ये तो किताब वाले हो गए. वो हमारी छत के थे."

बायकोनं ब्रश ट्रंकेत टाकले. आज ती पुन्हा रंगवते, भरपूर रंगवते; पण तेव्हा वर्षभर तिनं कागदाला हात लावला नाही. मी जुन्या खंड्याचं कौतुक करायचो, ती "हं" म्हणून स्वयंपाकघरात जायची. कर्फ्यूमुळे मन लागत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला मी गच्चीवर गेलो, आणि बदकं आली. दुर्बीण खाली राहिली होती. चोच शोधायची म्हणून मी मान वर करून डोळे ताणले. एकही दिसेना. दिसत होती ती त्यांची घाई, अंधार पडायच्या आत कुठंतरी पोचायची. त्या वर्षांत आम्ही सगळेच तसेच घरी परतत होतो. तिनं हेच काढलं होतं, आणि मी त्याला पाय चिकटवले होते.

कपडे तसेच दोरीवर ठेवून मी खाली आलो. ती कणीक मळत होती.

"काय झालं? कपडे कुठंयत?"

"तू ती बदकं बरोबर काढली होतीस," मी म्हणालो. "मला बघता येत नव्हतं, आणि मी तुझं चित्र बिघडवलं. पूर्ण नव्हतं केलं, बिघडवलं. मला माफ कर."