वहिनी आणि तिसऱ्या केंद्राचं घड्याळ

आमच्या संगणक विभागात तिला सगळे वहिनी म्हणतात, कारण तिचा नवरा इथे आधी लागला. तो रेणूंचा शास्त्रज्ञ. औषधाचा रेणू पाण्यात कसा दुमडतो, याचं गणित मांडतो. माणूस सज्जन, पण वहिनीने काहीही सुचवलं की म्हणणार, "हेच मी म्हणत होतो!" वहिनी हे नाव तिला मुळीच आवडत नाही. "मी काय इथे पाहुणी आलेय?" असं ती मलाच सुनावते, कारण शेजारचं टेबल माझं.

ते गणित एका संगणकाला झेपत नाही. म्हणून तीन संस्थांनी आपापली संगणक केंद्रं एकमेकांना जोडून दिलीत. जोडली खरी, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकाकडे काम पाठवायची एक रीत, दुसऱ्याकडे दुसरी, आणि तिसऱ्याचे तर निकाल परत देतानाही नखरे. मी आपला तिघांसाठी तीन प्रोग्राम लिहायचो आणि एक चूक तीनदा निस्तरायचो. वहिनीने ठरवलं, हे बंद. काम पाठव, झालं का विचार, निकाल आण, या सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या प्रमाण आज्ञा वापरून एकच प्रोग्राम लिहायचा. त्यात कुठल्याही केंद्राचं नाव येता कामा नये. माझ्याकडून एकदा आलं, तेव्हा तिने चक्क अबोला धरला होता.

साहेबांनी एकच संधी दिली. तिन्ही केंद्रांहून येणाऱ्या पाहुण्यांसमोर सगळीकडे काम झालं तर ही पद्धत कायम. नाहीतर पुन्हा जुनीच, आणि वहिनीने नवऱ्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून जायचं.

त्या दिवशी बैठकीच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर पहिलं केंद्र हिरवं झालं, दुसरंही झालं. तिसऱ्याचे निकाल मात्र आले आणि लाल होऊन एकेक बाद व्हायला लागले. पाहुणे चुळबुळ करू लागले.

वहिनीने नोंदी उघडल्या आणि कपाळावर हात मारला. तिसऱ्या केंद्राचं घड्याळ मागे होतं. काम निघाल्याची वेळ आमच्या घड्याळाची, संपल्याची त्यांच्या. त्यामुळे कामं निघायच्या आधीच संपलेली दिसत होती, आणि असली कामं फेकून द्यायची शिस्त प्रोग्रामला वहिनीनेच लावली होती.

"एक ओळ टाक ना," नवरा कुजबुजला. "हे केंद्र असेल तर वेळ बघू नकोस म्हणावं. कोणाला कळतंय?"

मीही जोरात मान डोलावली.

"मला कळेल," वहिनी म्हणाली. "आज याचं घड्याळ, उद्या त्याचं आणखी काहीतरी. म्हणजे परत तीन चुली मांडायच्या!"

"चहा संपेपर्यंत काय ते करा," साहेब घसा खाकरत म्हणाले.

तो चहा मी इतका हळू प्यायलो की त्यावर साय धरली. वहिनी पुटपुटत होती, "चूक माझीच. सुरुवातही त्यांनाच विचारायला हवी होती." तशी आज्ञा त्या प्रमाण आज्ञांमध्ये पहिल्यापासून होतीच. सुरू कधी झालं आणि संपलं कधी, दोन्ही वेळा आता ज्याच्या त्याच्या घड्याळाने. तिने तेवढंच बदललं आणि काम पुन्हा पाठवलं. कोणाचंही नाव न घेता.

तिसरं केंद्र हिरवं झालं. पडद्यावर रेणू सावकाश दुमडायला लागला आणि मला इतका आनंद झाला, की मी टेबलावर थाप मारून उरलेला चहा सांडवला.

तिसऱ्या केंद्राच्या प्रमुखबाई उठून थेट वहिनीपाशी आल्या. "ताई, आमच्या लोकांना हे शिकवायला याल का? तोवर घड्याळ नीट करून ठेवते."

"हेच मी म्हणत होतो," म्हणत नवरा पुढे सरसावला.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, जरा बाजूला व्हा. ताईंना बोलू द्या."

तेव्हापासून सगळा विभाग तिला ताई म्हणतो आणि त्याला दाजी. त्याला हे नाव मुळीच आवडत नाही.