जट कापणारी माया

कुपवाडला एमआयडीसीच्या रस्त्यावर मायाचं पार्लर आणि माझं झेरॉक्सचं दुकान, मध्ये एकच भिंत. त्यामुळे तिच्याकडच्या गप्पा मला फुकटात ऐकायला मिळतात. भुवया, नवरीचा मेकअप हे ती करतेच. पण आमच्या भागात तिची खरी ओळख वेगळी. ती जट कापते.

केसांचा गुंता वाढत दोरखंडासारखा घट्ट झाला, की बाईच्या डोक्यात देवी आली म्हणतात. मग त्याला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. कापली तर घरातलं माणूस जातं, अशी भीती. माया आटपाडीकडची, धनगराघरची. तिच्या आत्यानं उभा जन्म अशी जट वाहिली. वजनानं मान कलली ती मरेपर्यंत सरळ झाली नाही. “आत्याला देवीनं न्हाई, उवांनी खाल्लं,” असं माया कुणाच्याही तोंडावर सांगते. जिभेला हाड नाही, म्हणूनच मला ती आवडते.

जट कापायला आलेल्या बाईला ती आधी चहा पाजते. मग समजावते, की आजारपणात विंचरणं राहिलं, तेल आणि धूळ बसली, की गुंता होतो, त्यात देवीचा काय संबंध. तरीही बाई थरथरायला लागली, की माया म्हणायची, “देवीला सांगा, मायानं कापली. तुझं काय असंल ते तिच्याकडं जाऊ दे.” बाई हात जोडून तसं पुटपुटायची आणि डोळे मिटून घ्यायची. मला ही युक्ती भलतीच हुशारीची वाटायची.

गेल्या वर्षी मायाला डेंग्यू झाला. बरेच दिवस अंथरुणात होती. उठली ती डोक्याला रुमाल बांधूनच. रुमाल काही सुटेना. मला वाटलं, केस गळाले असतील बिचारीचे. एका दुपारी पार्लरमध्ये कुणी नसताना तिने मला हाक मारली, आरशासमोर बसली आणि रुमाल सोडला. उजव्या कानामागे अंगठ्याएवढी जाड जट.

मी दोन पावलं मागे सरकले. खोटं कशाला सांगू?

“तापात विंचरलं न्हाई वहिनी,” ती आरशातल्या माझ्याकडे बघत म्हणाली. “चिकटलं, गुंतलं. दुसरं काय न्हाई.”

“मग काप की.”

“कापते की. उद्या.”

तो उद्या काही उगवेना. कारण मला ठाऊक होतं. तिची एकुलती लेक समीक्षा उंब्रजला दिलेली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. माया देवीला भीत नव्हती, असं ती अजूनही सांगत होती. पण गिऱ्हाइकाचे केस विंचरता विंचरता मध्येच थांबायची, कुणीतरी मागून बोलल्यासारखी.

“वहिनी, पुनवंला ही जड हुती का वो?” तिने एकदा विचारलं.

“तूच बायकांना सांगत होतीस ना, होत नाही म्हणून?”

“व्हय, सांगत हुते,” ती म्हणाली आणि रुमालावरून हात फिरवत राहिली.

मग सुलाबाई आली. तिची कमरेपर्यंतची जट मायानेच कापली होती. बातमी तिच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. भर दुपारी ती खण, नारळ, हळदीकुंकू घेऊन आली, मायाच्या रुमालावर हळद लावली आणि पायांवर डोकं ठेवलं.

“आवं मावशी, हे काय!”

“आमची देवी तुमच्याकडं आली बाई,” सुलाबाई म्हणाली. ती रडत होती, पण सुखानं. “मी सांगितलं हुतं तिला, मायाकडं जा. ऐकलं आईनं. माझं घर सुखरूप ऱ्हायलं. तुमचं उपकार कसं फेडू?”

शिवी दिली असती तर मायाने दोन परत दिल्या असत्या. उपकाराला काय उत्तर देणार? त्यानंतर आणखी बायका येऊ लागल्या, सगळ्या तिनेच मोकळ्या केलेल्या. दारात चपला काढायच्या, हळद लावायची, न बोलता निघून जायचं. शाम्पूचा वास जाऊन तिथे कापराचा वास येऊ लागला. भिंतीपलीकडे माणसं असायची आणि आवाज नसायचा. मी उगाचच झेरॉक्सचं मशीन चालू ठेवायची.

समीक्षा बाळंतपणाला आली ती थेट पार्लरमध्येच. आईच्या रुमालावरची हळद बघून तिने काही न विचारता गाठ सोडली. बघितलं, आणि कात्री उचलली. मायाने तिचं मनगट धरलं.

“तू हात लावू नको! तुझ्या पोटात...”

ती थांबली. हेच वाक्य तिने किती बायकांच्या तोंडून ऐकलं होतं.

“पोटात काय, आई? म्हण की पुढचं.”

मायाने मनगट सोडलं नाही.

“तुझ्या ह्या भ्यात मी लेकरू वाढवू व्हय?” समीक्षाने विचारलं.

मायाने तिच्या हातातून कात्री घेतली आणि स्वतःच चालवली. जट चिवट होती, करकर वाजत होती. खाली पडली तेव्हा आम्ही तिघी तिच्याकडे बघत राहिलो, जणू ती आता हलणार होती. शेवटी मायाने झाडू घेतला आणि ती केरात लोटली. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी घरी जाऊन शिरा केला.

पण त्यानंतर समीक्षा नुसती शिंकली तरी मायाचा चेहरा उतरायचा. माझाही.

मिरजेच्या दवाखान्यात समीक्षाला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. माया हमसून हमसून रडली, मीही रडले. नर्सने बाळ मायाच्या हातात दिलं. नाक कुणाचं, रंग कुणाचा, म्हणून मी वाकले. मायाने चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिने बाळाचं टोपडं काढलं आणि ओलसर जावळात बोटं घातली. कपाळापासून मागे, मग उजव्या कानामागे. पुन्हा कानामागे.

“काय बघतीस?” खाटेवरून समीक्षाने विचारलं.

“काय न्हाई गं. केस लय दाट हायत.”

तिची बोटं थांबली नव्हती. समीक्षाने त्या बोटांकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. मग म्हणाली, “आई, माझी पोरगी दे इकडं.”