करंदीकरकाकांच्या पोकळ विटा

तुमच्या घरातलं सगळ्यात जड कपाट भिंतीला कशाने धरलं आहे? चटकन सांगता येत नसेल, तर करंदीकरकाकांना भेटा.

मुंबईच्या एका व्यापारी कंपनीने त्यांना जपानला धाडलं आणि ते उरायासु शहरात भाड्याच्या घरात एकटेच म्हातारे झाले. घरात छताला टेकलेलं कपाट, त्यात खेळण्यातल्या विटांचे जुने जुने संच. कुणाचंही पोर आलं की काका त्याला पोकळ प्लास्टिकच्या विटांचा मनोरा रचायला लावत आणि टेबलाला गुडघ्याने धक्का देत. मनोरा कोसळायचा. पोरं जपानीत ओरडायची, "मो इक्काई!" पुन्हा एकदा!

"आधी लाकडी ठोकळे," काका सांगत. "मग वाळू, खडू आणि जवसाचं तेल दाबून केलेले दगडी. मग रबरी विटा, मग या. वर बटणं आहेत, पण आत बघ, रिकामं. आतल्या नळ्या नंतर आल्या, तेव्हा कुठे वीट विटेला घट्ट बसली. नुसतं रचून भागत नाही बाबा, धरायला लागतं."

२०११च्या भूकंपात उरायासुच्या रस्त्यांतून चिखल वर आला. काकांचं कपाट वीतभर पुढे सरकलं. मी जवळच राहायची; कपाट भिंतीला आवळायला लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू घेऊन गेले.

"काय पत्रकवाली, आज कुणाविरुद्ध?" मी सदान्‌कदा पत्रकं वाटायची, म्हणून हे नाव.

"तुमच्या कपाटाविरुद्ध. विटांना नळ्या लागतात, आणि याला काहीच नको?"

"भाडेकरारात लिहिलंय, भिंतीला भोक पाडायचं नाही. सही केलीय मी. ठेव ते पिशवीत. चहा घे."

साऱ्या जगाशी भांडणारी मी, पण त्यांच्या वयाकडे बघून पट्ट्या पिशवीत ठेवल्या. चहा प्यायले.

पुढच्या महिन्यात भरदुपारी एक धक्का बसला. आधीच्या मानाने किरकोळच. दगडी ठोकळ्यांच्या पेट्यांसकट कपाट काकांच्या अंगावर आलं. शेजारणीचा फोन आला. मी पोचेपर्यंत त्यांना नेलं होतं. जमिनीवर ठोकळे होते आणि त्यांचा चष्मा. काका परत आले नाहीत.

घर रिकामं करताना घरमालकाचा माणूस आला. त्याने भिंतीवरून सावकाश हात फिरवला, कागदावर खूण केली आणि मला वाकून म्हणाला, "करंदीकर-सान फार चांगले भाडेकरू होते. एकही भोक नाही."

 

म्हणून हे पत्रक समजा. वाचून झालं की उठा आणि ते कपाट भिंतीला स्क्रूने आवळा. घरातलं वडीलधारं माणूस नको म्हणालं, तरी आवळा. भोक नंतर बुजवता येतं.