रिकामा खिळा आणि तेरावी वही

हेड कॉन्स्टेबल नागोजीरावांच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर त्यांच्या आजोबांचं पदक दिसे. आजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. पदकाच्या शेजारी एक नुसताच खिळा होता. नागोजीराव पोलिसात भरती झाले त्या आठवड्यात भवानीबाईंनी तो नवऱ्याच्या पदकासाठी ठोकला आणि चौतीस वर्षं त्यावर कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नाही. आता निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं. म्हैसुरात हेड कॉन्स्टेबलला दफेदार म्हणत. येणारा-जाणारा विचारी, "दफेदार, इथला फोटो कुठे गेला?" नागोजीरावांना ते फार लागे.

त्यांचं नशीब उघडलं ते तांब्याच्या हंड्यांमुळे. त्यांच्या भागात, सरस्वतीपुरमात, घरोघरी परसात न्हाणीघर आणि तिथल्या चुलीवर तांब्याचा हंडा. दुपारी जेवून सगळं सरस्वतीपुरम घोरू लागलं की चोर मागच्या बाजूने येऊन हंडा उचलून नेत. महिन्याला तीन-चार हंडे जाऊ लागले तेव्हा नव्या साहेबांनी फर्मान काढलं. बारा घरांच्या फाटकांवर एकेक 'पॉइंट बुक' टांगायचं आणि दोन ते चारच्या दरम्यान नागोजीरावांनी प्रत्येक ठिकाणी जाऊन वेळ घालून सही करायची. पोलीस फिरतोय हे कळलं की चोर फिरकणार नाही, अशी साहेबांची खात्री होती.

पहिले पंधरा दिवस नागोजीरावांनी इमानाने सायकल हाणली. मग गुडघ्यांनी संप पुकारला. तिथे धावून आले तिरुमलराव. हे गणिताचे निवृत्त मास्तर घरात एकटेच, आणि बोलायला माणूस मिळालं की त्यांना सोडवत नसे.

"सुम्ने, उगाच कशाला उन्हात फिरता दफेदार? सकाळी फिरून येताना वह्या मीच गोळा करून आणतो की."

तेव्हापासून बारा वह्या मास्तरांच्या व्हरांड्यात पंख्याखाली जमू लागल्या. नागोजीराव कॉफी पीत ओळीने सह्या ठोकत. दोन पाच, दोन पंधरा, दोन पंचवीस. वेळा फार सरळ दिसू नयेत म्हणून मास्तर मधूनच "इथं दोन सत्तावीस घाला" असा गणिती सल्ला देत. संध्याकाळी वह्या मुकाट आपापल्या फाटकावर जात.

आणि गंमत अशी, की हंडे जायचे थांबले! सहा महिन्यांत एकही तक्रार आली नाही. साहेब हरखून गेले. पदकासाठी नागोजीरावांचं नाव ठरलं, समारंभाचा सोमवार ठरला, भवानीबाईंनी खिळ्याचा गंज खरवडून काढला.

नागोजीरावांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. "मेष्ट्रे, मी तर इथंच बसून होतो. मग चोर भ्याले कुणाला?"

मास्तरांनी त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं. जिकडे बघावं तिकडे गच्च्यांवर पाणी तापवायचे नवे सोलर चमकत होते. "आता हंडा उरलाय कुणाकडे? सगळ्यांनी मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले. चोरांनी येऊन काय चुलीची राख न्यायची? अन् शेजारच्या कुवेंपुनगरात तर पॉइंट बुक नाही, काही नाही. तिथल्या चोऱ्यापण थांबल्याच की नाही, अल्वा?"

असं काही सिद्ध झालं की मास्तरांना कोण आनंद होई. नागोजीरावांना मुळीच झाला नाही. पण मिळणाऱ्या पदकाला कारण कशाला विचारायचं, असं स्वतःला समजावून ते खाली उतरले.

शुक्रवारी भागातला शेवटचा हंडा गेला. तो खुद्द नागोजीरावांच्या घरचा. भवानीबाईंनी तो माहेराहून आणला होता आणि सोलरचं नाव काढलं तरी त्या अंगावर येत. दुपारी घटकाभर त्या शेजारी गेल्या, तेवढ्यात चोराने डाव साधला. नागोजीराव त्या वेळी पंख्याखाली दोन सत्तावीसची सही करत होते.

आता तक्रार लिहिली तर 'एकही चोरी नाही' हे संपलं, आणि त्याबरोबर पदकही. न लिहावी तर हंडा कुणी शोधायचा?

"लिहू नका," भवानीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "अय्यो, जाऊ दे तो हंडा. पातेल्यात तापवेन मी पाणी. खिळा अजून किती वर्षं रिकामा ठेवायचा?"

त्याच हंड्यातल्या पाण्याने त्यांच्या तिन्ही लेकरांची पहिली न्हाणी झाली होती. नागोजीरावांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. शनिवारी सकाळी त्यांनी ठाण्यात जाऊन स्वतःच्या हाताने तक्रार लिहिली आणि साहेबांपुढे उभं राहून पंख्यापासून कॉफीपर्यंत सगळं कबूल केलं.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे पंधरा दिवसांनंतर तुम्ही एकदाही गेला नाहीत?"

"नाही सर."

"पण वह्या फाटकावर असायच्या?"

"संध्याकाळनंतर असायच्या सर."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "मग वह्यांनीच काम केलं! बघा ना, तुमच्या घरी वही नव्हती, आणि चोरी नेमकी तिथेच झाली!"

नागोजीरावांनी सोलरचं सांगायला तोंड उघडलं, पण तोवर साहेबांनी तेरावी वही मागवलीसुद्धा. पदक अर्थात रद्द झालं. यापुढे तेराही वह्यांवर जागेवर जाऊनच सही करायची, ही शिक्षा वर.

तेरावी वही भवानीबाईंनी फाटकावर टांगली नाही. आजोबांच्या पदकाशेजारच्या खिळ्यावर लावली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता नागोजीराव घामाघूम होऊन आत आले, तर पाट मांडलेला आणि ताट वाढलेलं. चौतीस वर्षांत कामाच्या दिवशी ते दुपारी घरी कधी जेवलेच नव्हते. खिळ्यावरची वही त्यांनी काढली, सही केली, वेळ घातली: दोन पाच. भवानीबाईंनी वही हातात घेऊन घड्याळाकडे पाहिलं, वेळ बरोबर असल्याची खात्री केली आणि मग गरम भातावर तुपाची धार धरली.