केस इथेच ठेवून जा

"केस इथेच ठेवून जा."

शेठ एवढंच बोलले. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. समोर चहाचा कप होता, त्यावर बशी झाकलेली. नानांनी, म्हणजे आमच्या मुनीमजींनी, गल्ल्यातून कात्री काढली. पुड्यांचा दोरा कापायची कात्री. मी पाटावर बसलो आणि मान खाली घातली. कुणी धरलं नव्हतं मला. मीच घातली.

हे समजायला आमच्या धंद्याची रीत माहीत पाहिजे. जळगावच्या सराफ बाजारामागे एका गल्लीत, जिना चढून वर, आमचा कारखाना. सोन्यावर कानस चालवली की बारीक कीस उडतो. तो नखांत बसतो, भुवयांत बसतो, केसांत बसतो. आणि तो शेठचा असतो. म्हणून रोज संध्याकाळी सुटताना टबात हातपाय धुवायचे, पांढऱ्या कागदावर डोकं वाकवून केस विंचरायचे, शर्ट झटकायचा. टबातलं पाणी मोरीत सोडत नाहीत. कागदावरचा कोंडासुद्धा बरणीत भरतात. मग कधीतरी झारेकरी येतो, ती सगळी घाण विकत घेतो, जाळतो, धुतो आणि त्यातून सोनं काढतो. जुनं पायपुसणंसुद्धा जाळतो तो. यात अपमान काही नाही. सगळेच करतात. माझ्या बापाने जन्मभर केलं, मीही दहावीनंतर पाटावर बसल्यापासून करत आलो.

पण केस कापणं वेगळं. कारागिराचे केस मालकाने कापले म्हणजे तो चोर. त्याला बाजारात कुणी काही विचारत नाही, डोकं बघितलं की कळतं. दुसरा कुठलाही मालक त्याला पाटावर बसू देत नाही. बाप मला लहानपणापासून सांगायचा, हात भाजला तर भाजू दे, डोक्याला मालकाची कात्री लागता कामा नये.

मी चोरी केली नव्हती. शेठलाही ते माहीत होतं. त्यांचा हिशोब साधा होता. रोजचा माणूस आज थोडं सोनं डोक्यात घेऊन गेला, तरी उद्या परत घेऊन येतो. मी उद्या येणार नव्हतो.

कारण दुपारी धुळ्याहून फोन आला होता. जळगावात काम कमी झालं तेव्हापासून बाप धुळ्याच्या एका कारखान्यात बसायचा, रविवारी घरी यायचा. त्या कारखान्यात पोलीस आले आणि बापाला घेऊन गेले. बांगलादेशी म्हणून. नानांनी मला जिन्यात बोलावून हळूच सांगितलं. तोवर शेठना कळलंच होतं. माझ्या दाराशी पोलिसांची गाडी नको, याला आत्ता मोकळा करा, असं ते म्हणाले.

कात्रीला धार नव्हती. केस कापले कमी गेले, ओढले जास्त गेले. कानामागे लागलं सुद्धा. शेजारच्या पाटांवर सहा कारागीर होते. सगळे हुगळीकडचे, म्हणजे भारतातल्या बंगालचे, कागदपत्रं पक्की. एकानेही मान वर केली नाही. त्यांना दोष देत नाही मी. भीती तर त्यांनाही होतीच. नानांनी केस गोळा करून झाडणीच्या पोत्यात टाकले. शेठनी बशी काढली आणि चहा प्यायला घेतला. मी चपला घातल्या आणि जिना उतरलो. मला काहीच वाटत नव्हतं. बधिर झालो होतो.

आता खरं ते सांगतो. पोलिसांचं म्हणणं खोटं नव्हतं. आईबाप तिकडून आले. मी तीन वर्षांचा होतो. लोक विचारतात, नदी ओलांडली का, रात्र होती का, तारा होत्या का. अरे भाऊ, मला काय माहीत! मला आठवते ती इथली, जळगावच्या पिंप्राळ्यातली शाळा. खिचडीची रांग. बाईंनी फळ्यावर लिहिलेली बाराखडी. आई गेली ती जळगावच्याच सरकारी दवाखान्यात, आणि तिची मातीही इथलीच. तिकडचं माझ्याकडे काहीच नाही. एक चेहरा नाही, एक झाड नाही.

कारखान्यात मला 'बंगाली' म्हणायचे. सगळ्याच कारागिरांना म्हणतात. कुठला बंगाल, ते वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही. काम चोख होतं, तेवढं बस होतं. मग निवडणूक झाली, सरकार बदललं. विजयाची मिरवणूक सराफ बाजारातूनच गेली. कारखाना तासभर बंद ठेवला होता, आम्ही सगळे खाली बघायला उतरलो. गुलाल माझ्याही डोक्यावर पडला. मी तर ताशावर दोन पावलं नाचलोही. त्या गाडीवरून माईकवर जे सांगत होते, की एकेकाला शोधून हाकलू, ते माझ्याबद्दल आहे हे त्या वेळी डोक्यात शिरलं नाही. इतका मी इथला होतो. किंवा इतका येडा.

शेठ लग्नाच्या गिऱ्हाइकांना एक गोष्ट नेहमी सांगायचे. त्यांचे पणजोबा मारवाडातून फक्त एक लोटा आणि दोरी घेऊन जळगावात आले आणि मेहनतीवर उभे राहिले. गिऱ्हाईक माना डोलवायचं. खरं सांगतो, मलाही ती गोष्ट आवडायची. माझ्या बापाकडे लोटासुद्धा नव्हता, एवढाच काय तो फरक, असं मी समजत होतो.

घरी आलो. घर म्हणजे पिंप्राळ्यात अक्कांच्या मागच्या अंगाची खोली. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, एकट्या राहतात. आई गेल्यावर माझं जेवण बऱ्याचदा त्यांच्याकडेच. त्यांनी माझं डोकं बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "कोनी करं हाई?" म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी कळण्याची भाकरी वाढली, म्हणाल्या आधी खा.

दुसऱ्या दिवशी बापाचा निरोप आला. धुळ्याच्या कारखान्यातल्या एकाने त्याला डबा नेऊन दिला होता, त्याच्याजवळ बापाने सांगून पाठवलं. "पोराला ओळख पटवायला बोलावतील. त्याने मला ओळखायचं नाही. मीही त्याला ओळखणार नाही."

अक्कांचा भाचा जळगावच्या कोर्टात एका वकिलाकडे काम करतो. तोही तेच म्हणाला. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव अर्धंमुर्धं लागलंय, तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही. बापाला ओळखलंस की तू त्याच्याबरोबर गेलास. नाही ओळखलंस तर तू बेवारस पोर, अक्कांनी सांभाळलेलं. अक्का शपथेवर सांगायला तयार होत्या, की हा मला लहानपणी पाचोरा स्टेशनवर सापडला. जन्मात खोटं न बोललेली बाई. मला म्हणाल्या, "बाप म्हनस तसं कर. तू ऱ्हायना म्हनजे बठ्ठं ऱ्हायनं." मी राहिलो म्हणजे सगळं राहिलं, असं.

मी बरं म्हणालो. तेव्हा कुणी काहीही म्हटलं असतं तरी मी बरंच म्हणालो असतो.

बोलावणं आलं. एसटीने धुळ्याला गेलो, अक्का बरोबर. डोक्याला रुमाल गुंडाळला होता. पारोळ्याला गाडी थांबली, अक्कांनी भजी घेतली, ती तशीच पुडीत राहिली. बसभर मी मनात घोकत होतो. नाही ओळखत. नाही ओळखत. शाळेत कविता पाठ करायचो तसं.

पोलीस ठाण्यात साहेबांची खोली लहान होती. पंखा, दोन कपाटं, एक बाक. साहेब वाईट नव्हते. अक्कांना बसायला सांगितलं, मला पाणी दिलं. मग बापाला आणलं. दाढी वाढलेली. शर्ट तोच, रविवारी घातलेला. माझ्याकडे बघितलंच नाही त्याने. साहेबांनी त्याला विचारलं, हा कोण? बाप बाजारात शिकलेल्या मराठीत म्हणाला, "साहेब, या पोराला मी कधी पाहिलं नाही."

इतकं सरळ म्हणाला, की मलाच क्षणभर खरं वाटलं. मग परत सगळं थंड.

मग साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, रुमाल काढ, नीट चेहरा दिसू दे याला.

मी रुमाल काढला.

भाच्याच्या हे लक्षात आलं नव्हतं. अक्कांच्याही नाही, माझ्याही नाही. दोन दिवस आम्ही तिघं काय बोलायचं आणि काय नाही तेवढंच ठरवत बसलो होतो. डोकं कुणी धरलंच नव्हतं हिशोबात. सोन्याच्या कामातल्या माणसाला ते डोकं बघून काय कळेल, हे खरं तर मला तरी सुचायला हवं होतं.

बापाने वर बघितलं. ओबडधोबड कापलेलं डोकं, मध्ये मध्ये उघडी कातडी, कानामागची खपली. त्याचा चेहरा बदलला. तो साहेबांना विसरला, पोलिसांना विसरला, आपण या पोराला कधी पाहिलं नाही तेही विसरला. उभ्या उभ्या मला घरच्या बोलीत विचारलं, चोरी केलीस? आणि एक पाऊल पुढे आला, हात उगारून. लहानपणी यायचा तसा.

हवालदाराने त्याला मागे ओढलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना शब्द कळले नसतील, पण हात उगारणं कळलं. परक्या पोरावर कोण असा हात उगारतो? तरी ते शांतपणे मला म्हणाले, "काय म्हणतोय हा? कोण लागतो तुझा?"

अजून वेळ होती. मला माहीत नाही, मार लागल्याने येडा झालाय, असं म्हणता आलं असतं. अक्का माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, नको नको म्हणून. बापालाही चूक कळली होती. तो खाली बघायला लागला होता.

आणि मला राग आला. केस कापल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं. पोलिसांचा नाही, बापाचा नाही. माझाच. त्या पाटावर मी आपली आपण मान खाली घातली, त्याचा. मी काही केलं नव्हतं, तरी चोरासारखा बसलो. आणि आता इथे चोराचं डोकं घेऊन बापासमोर उभा राहून सांगणार, की हा माणूस माझा कोणी नाही? मग तो जाताना काय घेऊन जाणार होता? की पोरगं चोर निघालं, एवढंच?

मी म्हणालो, "ते माझे वडील आहेत. मी चोरी केली का ते विचारतायत. मी चोरी केलेली नाही. मालकाने कामावरून काढलं, म्हणून केस कापून घेतले."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. बापाने डोळे मिटले, भिंतीला टेकला. मग साहेबांकडे वळून हात जोडून म्हणाला, "साहेब, लिहून घ्या. माझ्या पोराने चोरी केली नाही. हे पण लिहून घ्या."

साहेब म्हणाले, तो इथला विषय नाही. बाप परत म्हणाला, लिहून घ्या. हवालदार त्याला दंडाला धरून बाहेर नेत होता, तरी व्हरांड्यातून त्याचा तोच आवाज येत होता.

बाहेर आल्यावर भाच्याने फोनवर मला झापलं. म्हणाला, तू स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतलीस. बरोबर आहे त्याचं. मी वाद घातला नाही.

बापाला पुढे नेलं. कुठून, कसं, कुणी सांगितलं नाही. बरेच दिवस गेल्यावर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे आहे म्हणाला. पाऊस आहे म्हणाला. तिथे त्याला कुणी ओळखत नाही, बोलणं ऐकून लोक हसतात, मध्येच मराठी शब्द येतो तोंडात. मग फोन कटला. तो नंबर आता लागत नाही.

माझं प्रकरण कोर्टात आहे. भाच्यानेच शेवटी वकील गाठून दिला. दर सोमवारी मला जळगावात पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागते. सराफ बाजार मला बंद झाला. एका गॅरेजमध्ये पंक्चर काढतो. एकदा रस्त्यात नाना दिसले. थांबले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मी थांबलो नाही.

गेल्या सोमवारी ठाण्यातल्या साहेबांनी मला खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती. समोर एक कागद ठेवला. त्यावर सगळं आधीच लिहिलेलं होतं. मी परक्या देशाचा आहे, माझी चूक मला मान्य आहे, मी स्वखुशीने परत जात आहे. खाली सहीची जागा. साहेब समजावून सांगत होते. सही केलीस तर त्रास होणार नाही. कोर्ट नाही, कोठडी नाही, इज्जतीत जाशील. नाहीतरी जावं लागणारच आहे, मग कशाला ताणतोस?

मी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मला वाचता येतं, इथल्याच शाळेत शिकलो. मग कागद त्यांच्याकडे सरकवला.

म्हणालो, "साहेब, बाप कोण, ते मी धुळ्यात सांगितलं. जन्म तिकडचा, ते इथे सांगतो, कोर्टातही सांगेन. पण चूक मान्य आहे असं लिहून देणार नाही. आणि खुशीने जातो असं तर मुळीच नाही. न्यायचं तर तुम्ही उचलून न्या."

ते म्हणाले, नेतील रे बाबा, खरंच उचलून नेतील.

मी म्हणालो, नेऊ द्या. मान सरळ ठेवून बसलो होतो. हजेरीच्या वहीत सही केली, पुढचा सोमवार लिहून घेतला आणि कामावर गेलो. त्या कागदावर सही केली नाही. करणार नाही.