भिंतीतली हडळ

माझे यजमान मुरबाडजवळच्या एका गावी शाळेत मास्तर होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या मे महिन्यात मुंबईची एक सिनेमा कंपनी शाळेत उतरली. चित्रपट काळा-पांढरा, भुताखेतांचा आणि तलवारबाजीचा, कारभार सगळा काटकसरीचा. रात्रीचे प्रसंगसुद्धा ते भर दुपारी घेत. कॅमेऱ्यापुढे तांबडी काच धरली की पडद्यावर रात्र दिसते, म्हणायचे.

हडळीचं काम करणारी नटी ऊन लागून परत गेली. दिग्दर्शकाने मला विहिरीवर पाहिलं आणि ह्यांना गाठलं. "उंची तंतोतंत तेवढीच आहे, मास्तर. वहिनींचं तोंड दिसायचंच नाही." हे मान हलवून मोकळे झाले. मला कोणी विचारलं नाही.

वैशाखरे गावाच्या रस्त्याला एका पडक्या धर्मशाळेत त्यांनी बांबूच्या तट्ट्या, गोणपाट आणि प्लास्टरची भिंत उभी केली होती. केस मोकळे सोडून मी आत शिरले आणि माणसांनी पुढची बाजू लिंपून टाकली. डोळ्यांसमोर बोटभर भोक ठेवलं. नायक तलवारीने भिंत फोडणार, मी हात बाहेर काढणार, एवढंच काम.

नेमका कॅमेरा अडकला. "तशाच थांबा हं, वहिनी," दिग्दर्शक म्हणाला.

प्लास्टर तापत गेलं, आवळत गेलं. दंड हलेनात. बऱ्याच वेळाने घाव पडू लागले, पण तलवार लाकडी, ती मोडली. मला श्वास पुरेना. मी ओरडले, तर बाहेर कोणीतरी म्हणालं, "छान करतायत."

मग मी ह्यांना नावाने हाक मारली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. मी दोनदा घेतलं. भोकातून हे मला दिसत होते, छत्री धरून उभे. कॅमेरा पुन्हा चालू झाला होता, म्हणून दिग्दर्शकाने हात वर करून त्यांना थोपवलं होतं. आणि हे थांबले होते.

कंपनीला पाणी भरणारी पाड्यावरची एक बाई होती. तिने हंडा खाली ठेवला.

"ह्ये नाटक नाय," ती म्हणाली आणि कमरेचा कोयता काढला. "डोळं मीट गो बाय."

चार घावांत तिने भिंत फोडली आणि मला ओढून बाहेर काढलं. माझ्या कोपरांची सालटी निघाली होती.

घरी जाताना हे एवढंच बोलले, "चारचौघांत नाव घेतलंस."

गावातल्या बायकाही पुढे कितीतरी दिवस तेच बोलत राहिल्या. मी गुदमरले होते, हा विषय कुणीच काढला नाही.

दिवाळीनंतर मुरबाडला तंबूत तो चित्रपट लागला. आम्ही दोघं गेलो. भिंत फुटली, माझा हात बाहेर आला. पण कोयतेवाली कुठे दिसली नाही. कापून-जोडून नायकानेच भिंत फोडल्याचं दाखवलं होतं. आवाज मागाहून भरलेले. माझ्या ओरडण्याच्या जागी कुणा दुसरीचं खदाखदा हसणं होतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

ह्यांनी मान खाली घातली. "चल, जाऊ या," हळूच म्हणाले.

"संपेपर्यंत बसायचं," मी म्हणाले.

हे बसून राहिले.